गौताळ्याला पहिल्यांदाच जाताय? लेकराबाळांसह एक दिवस कसा काढायचा

आमची पहिली गौताळा सहल म्हणजे काय करू नये याचा नमुना होता. अकरा माणसं, दोन गाड्या आणि माझ्या हातात एक यादी: गौताळा तलाव, पितळखोऱ्याची लेणी, अंतूरचा किल्ला आणि येताना वेळ उरला तर वेरूळ. संभाजीनगरहून निघायलाच साडेनऊ वाजले. तलावावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि पाखरं सावलीत गप्प बसली होती. तीन वाजता पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरताना सासूबाईंनी मधल्याच पायरीवर बैठक मारली आणि जाहीर केलं, "जा तुम्ही. मी इथूनच हात जोडते." धाकटा रडत होता, पाणी संपलं होतं. अंतूर पाहिला तो फक्त फोनच्या नकाशावर.

त्यानंतर पाच-सहा वेळा गेलो. कधी लेकरांना घेऊन, कधी आईला, कधी शाळेच्या मित्रांबरोबर. आता ओळखीचं कुणी जायचं म्हटलं की मलाच फोन येतो, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. सगळ्यात आधी एक गोष्ट: एका दिवसात एकच ठिकाण. हे पाळायचं नसेल तर खालचं वाचलं काय आणि न वाचलं काय.

१. आधी नकाशा डोक्यात बसवा

आपण ज्याला "गौताळा" म्हणतो त्याचं पूर्ण नाव गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. १९८६ साली ते जाहीर झालं आणि त्याचा पसारा सुमारे २६० चौरस किलोमीटरचा आहे. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेवर ते असं बसलंय, की पठाराची बाजू मराठवाड्यात, कन्नडकडे, आणि उताराची बाजू खानदेशात, चाळीसगावकडे. औट्रम म्हणजे खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम. ज्याला सगळे कन्नड घाट म्हणतात तोच औट्रम घाट. गौताळा हे नाव गौतम ऋषींवरून आलं अशी इथली समजूत आहे आणि डोंगरात त्यांचं ठिकाणही दाखवतात.

नवख्या माणसाची चूक इथेच होते. "गौताळ्याला जाऊ" म्हणजे एखाद्या बागेच्या फाटकाशी गाडी लावून आत हिंडायचं असं त्याला वाटतं. इथं तसं नाही. तलाव एकीकडे, पितळखोरे दुसरीकडे, अंतूर तिसऱ्या टोकाला आणि पाटणादेवी तर डोंगर उतरून खाली चाळीसगावच्या बाजूला. नकाशावर बोटभर अंतर दिसतं, पण मधे दरी असते आणि रस्ता वळसा घालून जातो. प्रत्येक ठिकाणाची वाट वेगळी धरून चाला.

२. महिना निवडा, मग वार

जुलै ते सप्टेंबर सगळं हिरवं. नाले, धबधबे वाहते. गर्दीही तेव्हाच, आणि घसरून पडणारेही तेव्हाच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर माझ्या मते कुटुंबासाठी उत्तम. पाणी असतं, चिखल नसतो. मात्र गवत वाळून कुसळं झालेली असतात, त्याबद्दल पुढे सांगतो. डिसेंबर-जानेवारीत पाखरं बघायची. पहाटे कन्नडच्या पठारावर चांगलीच थंडी असते, लेकरांना कानटोपी घाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटलेला असतो, पण नाले आटतात आणि सागाची पानं झडून सावली विरळ होते. एप्रिल-मेमध्ये लहान लेकरांना आणि म्हाताऱ्यांना नेऊ नका. ऊन तर आहेच, शिवाय वणव्याचे दिवस, आणि जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात तिथं आपण गोंधळ घालायला नको. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर प्राण्यांची मोजदाद करतं, त्या सुमारास तर आधी विचारल्याशिवाय निघूच नका.

आता वार. संभाजीनगरकडून येणाऱ्यांनी हे लिहून ठेवा: श्रावणातला शनिवार आणि सोमवार टाळा. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला लोक शहरातून पायी निघतात, सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराची रांग रस्त्यापर्यंत येते. दोन्ही तुमच्याच वाटेवर. एकदा आम्ही खुलताबादच्या अलीकडे दीड तास अडकलो आणि लेकरांनी दुपारचा डबा सकाळी आठलाच संपवला. शक्य असेल तर मधल्या वारी जा. रविवारच गाठायचा असेल तर पहाटे निघा.

३. सोबत कोण आहे, त्यावरून ठिकाण ठरवा

चार-पाच वर्षांची लेकरं किंवा गुडघे दुखणारी आजी सोबत असेल तर तलाव आणि आसपासचा भाग. कन्नडहून नागदकडे जाणारा रस्ता अभयारण्यातूनच जातो, त्यामुळे बरंचसं गाडीतूनच दिसतं. तलावाजवळ थोडं सपाट चालायचं, पाखरं बघायची, सावलीत डबा खायचा, झालं. वानरं हमखास भेटतील, मोर बहुधा भेटेल, नीलगाय नशिबात असेल तर. बिबट्या आणि अस्वल इथं आहेत, पण ते दिसतील असं लेकरांना सांगून नेऊ नका. नाही दिसले की दिवसभर तोंड पाडून बसतात. २०२१ मध्ये तर यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ इथल्या कॅमेऱ्यात दिसला होता. ही गोष्ट परतताना सांगा, जाताना नको. माझा थोरला जाताना ऐकून गाडीतून उतरायलाच तयार होईना.

सात-आठ वर्षांपासून पुढची लेकरं आणि बऱ्या पायांची माणसं असतील तर पितळखोरे. ही बौद्ध लेणी अजिंठ्याच्या मोठ्या लेण्यांपेक्षा जुनी, सुरुवात इसवी सनापूर्वीची. दरीच्या पोटात खोदलेली आहेत, त्यामुळे गाडी वर लावून पायऱ्यांनी खाली उतरायचं असतं. खडक ठिसूळ, म्हणून बरीच पडझड झाली आहे. पण जोत्यावर ओळीनं कोरलेले हत्ती आणि दारावरचे द्वारपाल बघा, आणि आत खांबांवर राहिलेले रंगही. इथं सापडलेला हसऱ्या तोंडाचा बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कान्हदास, धंद्यानं सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सोनारानं दगडावर सही केली, हे सांगितलं की लेकरं दगड नीट बघायला लागतात. मीही तेव्हाच बघायला लागलो.

पितळखोऱ्याचा फसवा भाग एकच: उतरणं आधी आणि चढणं नंतर. डोंगरावर उलटं असतं, दमलात की निम्म्यातून परत फिरता येतं. इथं दमल्याचं कळतं तेव्हा तुम्ही तळाशी असता आणि ऊन वर आलेलं असतं. म्हणून नऊच्या आत उतरा, अकराच्या आत वर या. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी वरूनच दरी बघावी, तीही छान आहे.

अंतूर किल्ला तिसऱ्या प्रकारच्या मंडळींसाठी, म्हणजे ज्यांना चालायचंच आहे. खोलापूरच्या बाजूनं जावं लागतं. दरवाजे, तटबंदी, वर तलाव. वाटेत निजामशाहीच्या काळातला दगडी खांब आहे. कोणत्या गावाला कुठली वाट जाते ते त्यावर फारसीत कोरलेलं, म्हणजे त्या काळची पाटीच. लहान लेकरांना घेऊन पहिल्याच खेपेला इथं येऊ नका. गावातला एखादा माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्या आणि पैसे आधीच ठरवा.

सीतान्हाणी आणि धवलतीर्थ हे धबधबे पावसाळ्यातले. गेलात तर लांबून बघा. का, ते आठव्या मुद्द्यात.

४. कागद आणि पैसे

घरटी एका मोठ्या माणसाचं ओळखपत्र (आधार चालतं), गाडीचे कागद, चालकाचा परवाना, पीयूसी. कागद मोबाईलमध्ये असतील तर ते उघडण्यासाठी इंटरनेट लागणार नाही असे साठवून ठेवा, कारण आत बऱ्याच ठिकाणी रेंज जाते. त्याच कारणानं सुटे पैसे. नाक्यावर किंवा चहाच्या टपरीवर "फोनवरून देतो" म्हणालात आणि रेंज नसली, की मागच्या गाडीवाल्याकडे हात पसरावा लागतो. मी पसरलाय.

शुल्क आणि वेळा बदलत राहतात. पावसाळ्यात कधी रस्ता बंद, कधी धबधब्यावर बंदी असते. आदल्या दिवशी कन्नडच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या, नाहीतर कन्नडमधल्या एखाद्या ओळखीच्याला विचारा. माझा एकदा उलटा अनुभव आहे. एका कार्यालयातून फोनवर "या की, सुरू आहे" सांगितलं आणि पोचलो तर नाक्यावरून परत पाठवलं. तेव्हापासून मी दोन ठिकाणी विचारतो आणि पर्यायी ठिकाण ठरवूनच निघतो. आमचं पर्यायी ठिकाण म्हैसमाळ. परतीच्या वाटेवरून फाटा मारता येतो, गिरिजामातेचं दर्शन होतं आणि लेकरांना पळायला पठार मिळतं.

५. पिशवीत काय

पाणी सगळ्यात जास्त. माणशी तीन लिटर धरा, उन्हाळ्याच्या तोंडावर चार. आत पाणी विकत मिळेल असं गृहीत धरू नका आणि नाल्याचं पिऊ नका, कितीही नितळ दिसलं तरी.

जेवणाला दशम्या आणि धपाटे. दोन्ही दिवसभर टिकतात, हातावर घेऊन खाता येतात, ताटं लागत नाहीत. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही घट्ट झाकणाच्या डब्यात. चुलीवरचं वांग्याचं भरीत करू, तिथंच भाकऱ्या थापू, असले बेत कुणी मांडले तर तिथंच मोडा. अभयारण्यात आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायद्यानं (१९७२) बंदी आहे. गॅसची छोटी शेगडीही नको. फेब्रुवारीनंतर विडीचं थोटूकसुद्धा डोंगर पेटवतं.

बाकीचं असं:
– पूर्ण बाह्यांचे, मळक्या रंगाचे कपडे. भडक लाल-पिवळे घरी.
– पकड असलेले बूट. चप्पल घालून येणारा एक तरी असतोच, त्याला गाडीतच बसवा.
– ओआरएस, बँडेजपट्टी, चिमटा, नेहमीची औषधं.
– बॅटरी, शिट्टी. प्रत्येक लेकराच्या गळ्यात शिट्टी आणि खिशात घरच्यांचा नंबर.
– दुर्बीण असेल तर. नसली तरी चालतं.
– कचऱ्यासाठी रिकाम्या पिशव्या दोन.

स्पीकर, दारू, कुत्रा: तिन्ही घरी. ड्रोन तर परवानगीशिवाय उडवताच येत नाही, उगाच जप्त होईल.

६. निघणं

संभाजीनगरहून कन्नड साठ किलोमीटरच्या आसपास आहे, साधारण दीड तास. पहाटे साडेपाचला निघा. पेट्रोल कन्नडमध्येच भरा, टायरची हवाही तिथंच बघा. एसटीनं यायचं तर मध्यवर्ती बसस्थानकातून कन्नडला गाड्या भरपूर आहेत, पण पुढं आत फिरायला स्वतःचं वाहन लागतं. कन्नडच्या स्टँडजवळ जीप किंवा रिक्षा ठरवा, आणि "नेऊन सोडायचे" नव्हे तर "थांबून परत आणायचे" पैसे ठरवा. हा फरक आधी बोलला नाही की संध्याकाळी भांडण होतं.

चाळीसगावकडून येणाऱ्यांनी घाटाची चौकशी केल्याशिवाय पाऊल टाकू नये. २०२१ च्या ऑगस्टअखेरच्या पावसात कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. जोराचा पाऊस असेल तर त्या दिवशी बेत रद्द.

७. नाक्यावर

हिवरखेड्याच्या बाजूला वनखात्याचा तपासणी नाका लागतो. तिथं गाडीचा नंबर आणि माणसांची नोंद होते. घाई करू नका. तिथल्या वनरक्षकाला "दादा, आज कुठं जाणं बरं?" असं साधं विचारा. आदल्या रात्री अस्वल कुठं दिसलं, कुठली वाट खचली, कुठं मोहोळ उठलंय, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. एका म्हाताऱ्या वनमजुरानं आम्हाला अंजनाचं झाड दाखवलं होतं. जोडपान आपट्यासारखं दिसतं, पण लहान. तोवर मी दरवर्षी त्याला आपटाच म्हणत होतो.

किती वाजता बाहेर पडायचं, हेही तिथंच विचारून घ्या.

८. चालताना: इथं लक्ष द्या

पाणी. नाल्यात लेकरं खेळत असतील तर एका मोठ्या माणसानं फक्त पाण्याकडे बघत बसायचं, फोनकडे नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो. पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज वाढला, की त्याच क्षणी बाहेर. चपला राहू द्या. धबधब्याखालचा काळा दगड शेवाळानं साबणासारखा असतो आणि कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढण्यात कसलाही पराक्रम नाही.

मोहोळ. पितळखोऱ्याला आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डोक्याला वासाचं तेल, धूर, आरडाओरडा, दगड मारणं, सगळं बंद. माशा उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. तोंड-डोकं ओढणीनं किंवा टॉवेलनं झाका आणि लांब पळा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंघावत राहतात.

खाजकुइली. ऑक्टोबरपासून वाटेच्या कडेला वेलीवर सोनेरी-तपकिरी, मखमली शेंगा लोंबताना दिसतात. लेकरांना त्या हमखास मऊ मांजरासारख्या वाटतात. माझ्या भाच्यानं हातात घेतली आणि पुढचा तास आम्ही सगळे नाचत होतो, कारण त्यानं सगळ्यांना हात लावला होता. लागलीच तर खाजवू नका, चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, म्हणजे कुसं निघतात, मग पाण्यानं धुवा. गावाकडं शेण लावून वाळल्यावर खरवडतात. आम्ही तेही केलं, उतार पडला, पण गाडीत दिवसभर गोठ्याचा वास होता.

वानरं. डबा उघडताना आधी वर बघा. हातातला घास ओढला तर सोडून द्या, ओढाओढ करू नका. आणि स्वतःहून खायला घालू नका. आज तुम्ही दिलेल्या बिस्किटासाठी ते उद्या दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावर येतं.

साप. गवतात, दगडाच्या फटीत हात घालू नका, पाय पडतो ती जागा बघा. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नको. माणसाला झोपवा, चावलेला भाग हलू देऊ नका, अंगठ्या-कडी काढा आणि कन्नडचं सरकारी रुग्णालय गाठा. १०८ ला फोन लावायचा, पण रेंजची वाट बघत बसायचं नाही, स्वतःची गाडी काढायची. मांत्रिक सुचवणारा कुणीतरी भेटतो, त्याला नमस्कार करून पुढं जा.

अस्वल. दाट झाडीत, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी, मंडळींनी एकत्र, बोलत चालावं. अचानक समोरासमोर गाठ पडली की अस्वल घाबरून अंगावर येतं. आपला आवाज आधी ऐकला तर ते स्वतःच बाजूला होतं. याचा अर्थ गाणी लावून चाला असा नाही, साध्या गप्पा पुरतात.

आणि पुढं धावणारी लेकरं. सगळ्यात पुढं एक मोठा, सगळ्यात मागं एक मोठा, मधे बाकीचे. आमच्याकडे मागचा मान आत्याला असतो, कारण तिला ओलांडून मागं राहायची कुणाची हिंमत नाही.

९. परत फिरण्याची वेळ

ठिकाणावर पोचण्याआधीच परतीची वेळ ठरवा आणि मोठ्यानं सगळ्यांना सांगा. आमची दुपारी तीनची असते, हिवाळ्यातही. "अजून थोडंच राहिलंय" असं कुणीतरी म्हणतंच, आणि ते थोडं कधीच थोडं नसतं. सूर्य डोंगराआड गेला की जंगलातला उजेड झपाट्यानं जातो. अंधारात घाटरस्त्यावर नीलगाय किंवा रानडुक्कर आडवं आलं तर गाडीचा आणि जनावराचा, दोघांचाही निकाल लागतो. गाडी हळू चालवा, हॉर्न वाजवू नका.

कुणी चुकलंच तर शिट्टी तीनदा, थांबून पुन्हा तीनदा, आणि चुकलेल्यानं जागा सोडायची नाही. हे घरीच शिकवा, एकदा अंगणात खेळून घ्या. जखमी जनावर, वणवा किंवा शिकारीचा संशय आला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे. स्वतः जवळ जाऊ नका.

१०. घरी आल्यावर

अंघोळीच्या वेळी लेकरांच्या काखा, जांघा, कानामागं आणि केसांत गोचीड बघा. चिकटलेली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-रॉकेल लावत बसू नका. पुढच्या आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे सांगा.

पायमोज्यांत अडकलेली कुसळं धुवून निघत नाहीत. दोन-तीन रविवार टीव्हीसमोर बसून एकेक उपटावी लागतात, नाहीतर मोजे फेकावे लागतात. म्हणून जाताना जुने मोजे घाला.